पितरांचं आवतण

"काय रं धोंडीबा, बरा हाईस ना?" सखुबाई एवढंच म्हणाली होती. ठाण्याच्या बाजारात आली की तंबाखू ती धोंडीबाकडूनच घ्यायची आणि दर खेपेला असंच काहीतरी विचारायची. पुडी बांधता बांधता धोंडीबाचा हात थांबला. घाटावरून आलेला हा गडी कोणाच्या बापाला भ्यायचा नाही, पोलीस शिपायाशीसुद्धा हुज्जत घालायचा. त्यानं दोन्ही बाजूंना पाहिलं, पुडी तिच्या हातात न देता फळीवर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, तंबाखू तशीच न्या. पर माझं नाव तेवढं घिऊ नगा." तिला वाटलं, चेष्टा करतोय. ती हसली. तो हसला नाही. मग तिचंही हसू तोंडातच राहिलं, सुपारीच्या कच्च्या खांडासारखं, गिळता येईना नि थुंकता येईना. पुडी उचलून ती चालायला लागली. नाव घ्यायचं नाही तर माणसाला हाक मारायची कशी? शुक शुक करून? तिला राग आला, आणि राग आल्याचं बरं वाटलं, कारण रागात भीती दिसत नाही. कापडवाल्याकडे पुतणीसाठी लुगडं बघताना तिनं हिरव्यावर हात ठेवला, मग लालवर ठेवला, मग कुठल्यावरच ठेवला नाही. शेवटी दुकानदारानंच त्यातलं एक घडी घालून बांधून दिलं. कोणतं दिलं ते खाडीच्या धक्क्यावर पोचेपर्यंत तिला ठाऊक नव्हतं.

उद्या त्या पुतणीची, मालनची, हळद होती आणि मांडवात गायचं सखुबाईला होतं. सखुबाई धवलारीण, लग्नात धवले गाणारी. राहायला मानपाड्याला, पण कल्याणपासून ठाण्यापर्यंतच्या आगरी घरांत लग्न ठरलं की आधी तिला सांगावा जायचा आणि मग मांडवाचे बांबू तोडले जायचे. भटजी आला तर आला, धवलारणीवाचून लग्न लागत नसे. नवरा गेल्यापासून हळदीला ती हात लावत नसे, पण गळा तिचाच लागायचा. गाण्यातून ती गणपतीला बोलवायची, गावदेवीला बोलवायची, उंबराच्या फांदीला बोलवायची, आणि सगळ्यांत शेवटी त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. नावं सकाळी घरातला जाणता माणूस तिला सांगे, एकदाच. दुपारी मांडवात ती नावं ओळीनं बाहेर यायची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. नाव घेतलं की घरची बाई सुपात तांदळाची मूठ ठेवी. ती त्या पितराची बसायची जागा. आवतण दिलं की पितर येणार, आणि दिलेलं आवतण माघारी घेता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. इतक्या वर्षांत सखुबाईचं एक नाव मागेपुढे झालं नव्हतं. तिच्यापेक्षा गोड गळ्याच्या धवलारणी आल्या आणि गेल्या. कोणाचा गळा बसला, कोणाला गर्व चढला, कोणी ऐन मांडवात रुसून उठली. सखुबाई टिकली. टिकली कशी, याच्यावर लोक पारावर बसून वाद घालायचे. कोणी म्हणे ध्यानात चांगलं राहतं, कोणी म्हणे स्वभाव गरीब, आणि एकजण म्हणे बाई खादाड नाही म्हणून. ती हे सगळं ऐकून घेई आणि मनातून सुखावे. कोणाला आवडत नाही?

माघात मोहने गावी ते झालं आणि सुखावणं संपलं. मुंबईत गाठीच्या तापानं हैदोस घातला होता. माणसं आगगाडीत बसून पळत होती, कल्याण स्टेशनात त्यांना उतरवून त्यांच्या काखा चाचपत होते, आणि तरी लग्नं थांबली नव्हती. उलट साथ घरात शिरण्याआधी उरकून घ्या म्हणून जो तो घाई करत होता. रखमाबाईच्या धाकट्या मुलाचं लग्न. भर दुपार, मांडवाच्या पात्यांतून ऊन गळत होतं. सखुबाईनं त्या घरचे पितर ओळीनं बोलावले, शेवटचं नाव झालं, आता फक्त निरोपाचा धवला राहिला होता आणि तो तिच्या तोंडात तयार होता. पण तोंडातून निघालं ते पुन्हा एकदा पितरांना बोलवायचं "यवा यवा". मागच्या बायकांनी सवयीनं झेललं, यवा यवा. आणि सखुबाईनं नाव घेतलं, जोमा. जोमा म्हणजे रखमाबाईचा थोरला, मुंबईच्या गोदीतला हमाल, धडधाकट, हयात. रखमाबाईच्या हातातलं सूप हललं, मागे कोणीतरी "अगो बाय" म्हणालं. सखुबाई थांबली नाही. कडवं पुरं केलं, निरोप गायला, उठली, पाणी प्याली. आणि चार दिवसांनी सांगावा आला की जोमा गेला. नेमका कधी गेला ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं. लग्नाच्या दिवशीच, म्हणाला, नाहीतर आदल्या दिवशी.

तिनं स्वतःची समजूत घातली होती. त्या सकाळी रखमाबाई चुलीपाशी बोलली होती, "जोमा अजून आला नाय, का आला नाय कोन जाने." तेच नाव कानातून आत गेलं असेल. सखुबाईच्या डोक्यात एकदा गेलेलं नाव बाहेर पडत नसे, हाच तर तिचा गुण. ते जाऊन ओळीत बसलं, मेलेल्यांच्या मागे, रांगेत उभं राहतं तसं. एवढंच. ही समजूत बरी होती, तीत खोट नव्हती, फक्त ते दुसरं "यवा यवा" कोणाचं होतं हे तीत कुठे बसत नव्हतं. रखमाबाई शिव्या द्यायला येईल म्हणून सखुबाई घरात वाट बघत राहिली. शिव्या तिनं ऐकून घेतल्या असत्या. रखमाबाई आली, उंबऱ्यावर बसली आणि तिच्या पायांना हात लावून म्हणाली, "बाय, तू बोलावलंस म्हनून माजा पोर घरा आला. नायतर कुठं फिरला असता?" तो हात थंड होता. त्या दिवसापासून सखुबाईला मागणी वाढली. कधी नव्हे त्या गावांतून सांगावे आले. लोक तिला मांडवात मानानं बसवत, आणि तिनं पितरांची नावं सुरू केली की घरातली बाया-माणसं तिच्या तोंडाकडे अशी बघत की तिला वाटे, उठून पळावं. आपल्या घरातल्या मुंबईला गेलेल्यांची खबर त्यांना हवी होती, आणि नकोही होती.

होडी भरतीवर सुटली. भाऊ मास्तर आधीच येऊन फळीवर बसले होते, मांडीवर छत्री आडवी धरून. पोरांना शिकवतात आणि डोंबिवलीला बिऱ्हाड आहे, एवढीच तिला त्यांची माहिती. मास्तरांना गप्प बसवत नसे. मुलांपुढे त्यांना व्याख्यान द्यायचं होतं, माणसाला टिकाऊ यश कोणत्या गुणांनी मिळतं याच्यावर, आणि त्यासाठी ते भेटेल त्याला विचारत सुटले होते. "सखुबाई, तुम्हांलाच विचारतो. इतक्या बायका धवले गातात. तुमचंच नाव एवढं का झालं?"

"नाव नका काडू, मास्तर," ती म्हणाली, आणि आपण धोंडीबाचंच बोललो हे तिच्या ध्यानात आलं.

मास्तर हसले. त्यांना तो विनय वाटला. विनय हाही गुणच, असं म्हणून त्यांनी मान हलवली. मग त्यांनी बोटांवर गुण मोजून दाखवले. उद्योग, स्मरण, मनावर ताबा. "आणि सगळ्यांच्या वर सातत्य. हाती घेतलं ते तडीस नेणं. पुष्कळ लोक हुशार असतात हो, पण मध्येच सोडतात."

"आनि तडीस न्यायचा नसला तर?"

"म्हणजे?"

"काय नाय," सखुबाई म्हणाली. मास्तरांनी छत्री उघडली आणि ते नावाड्याकडे वळले. होडीच्या दोन्ही अंगांना मिठागरं पसरली होती. वैशाखाचं ऊन त्या पाण्यावर पडून डोळ्यांत खुपत होतं. सखुबाईनं डोळे मिटले. मिटल्यावर तिला ते ऐकू यायला लागलं, माघापासून तिला कुठेही शांत बसलं की ऐकू यायचं तेच. यवा यवा. विहिरीवर दोर ओढताना तो त्या ठेक्यावर वर यायचा. जात्यावर बसली की जातं त्या ठेक्यावर फिरायचं. आपण गात नाही आहोत हे तिला पक्कं माहीत असे, तोंड मिटलेलं असे, दात दातांवर असत. तिनं गळ्याला बोटं लावली. आतून थरथरत होतं. तिनं श्वास रोखून धरला. तरी थरथरत होतं. तिनं बोटं काढली आणि लुगड्याचं गाठोडं पोटाशी धरलं. भीती वाटत होती, लहानपणी बांधावर एकटं राहिल्यावर वाटायची तशी, जिला कारण सांगता येत नाही आणि म्हणून जी कोणाला सांगता येत नाही.

तिच्या आधीची धवलारीण ठमाबाई, तिनं सखुबाईला शिकवलं ते असल्याच एका मिठागरात. मीठ काढायच्या आधी तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. बायकांची ओळ एकमेकींचे हात धरून मागे मागे सरकत चिखल तुडवते आणि तुडवताना गाते. सखू तेव्हा नवी नवरी होती, कंटाळून मध्येच उभी राहायची. उभं राहिलं की पाय रुततो, खड्डा पडतो आणि तेवढा तळ वाया जातो. ठमाबाई ओळीच्या टोकाला असायची, काळीकुळकुळीत, दातांत काडी. तिनं सखूच्या पोटरीवर ओली काठी मारली. "पोरी, गला सगल्यांना असतो. ध्यान कुत्र्यालाबी असता. थांबायचा नाय, ता शिक." एकदा मांडवात गाताना ठमाबाईच्या हाताला विंचू डसला. बोटं सुजून वांग्यासारखी झाली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती गात राहिली. निरोप संपल्यावरच तिनं हात पुढे केला. ते बघून सखूला वाटलं होतं, हे आपल्याला यायला हवं. बाकी काही नाही आलं तरी चालेल. माणसाला एकदा असं वाटलं की मग ते येतंच, आणि आल्यावर परत देता येत नाही. नवरा, काळुराम, गेला तेव्हा ती आंबिवलीला एका मांडवात होती. घरचा माणूस धावत आला आणि मांडवाच्या कडेला उभा राहिला, धापा टाकत, आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिला कळलं. ती गणपतीवर होती. गावदेवी, उंबर आणि त्या घरचे सगळे पितर अजून व्हायचे होते. ते सगळं ती गायली. लोकांनी ती गोष्ट गावोगाव नेली, नवरा मेला तरी धवला मोडला नाही, आणि तिथून तिचं खरं नाव झालं. काळुरामनं शेवटी पाणी मागितलं होतं आणि तिला हाक मारली होती, असं नंतर दिरानं सांगितलं. तेव्हा तिला वाईट वाटलं. पण धवला मोडायला हवा होता असं मात्र कधी वाटलं नाही, आणि का वाटलं नाही हा विचार ती आज होडीत पहिल्यांदाच करत होती. मास्तर म्हणतात ते सातत्य ते हेच असेल, तर ते माणसात राहतं की माणूस त्याच्यात राहतो?

आणि गणू. बोटीवरचा माल उतरवायला मुंबईला गेलेला तिचा एकुलता एक. शिमग्याला येतो म्हणाला होता. शिमगा गेला, पाडवा गेला. कोणी म्हणालं, त्याला कल्याणच्या छावणीत ठेवलंय. तिथं जाऊन आलेला म्हणाला, तिथं नाही. कोणी म्हणालं, तो बोटीवर चढून लांब कुठेतरी गेला. ही शेवटची बातमी तिनं घट्ट धरून ठेवली होती. घरात ती त्याचं नाव घेत नव्हती. तोंडानं नाहीच, मनातही घेऊ नये म्हणून ती त्याला मनात 'तो' म्हणायची, सून नवऱ्याला म्हणते तशी. नाव एकदा आत गेलं की ते कुठे जाऊन बसतं हे तिला मोहन्याला कळलं होतं. मालनचं लग्न ठरलं तेव्हा तिचा बाप, सखुबाईचा दीर पंढरी, येऊन ओटीवर बसला. बराच वेळ त्यानं तंबाखूच चोळली. "वैनी, तुला गायाचा नसंल तर बायजा गाईल. तुजाच हाताखालची हाय. आमी काय बोलनार नाय." तिला ताडकन हो म्हणावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण पंढरी तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती तिनं ओळखली; मांडवात बाया बघायच्या ती. ती गायला नाही म्हणाली असती तर तिला काहीतरी कळलंय म्हणून नाही म्हणाली, असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि गणूचा दिवस घालायची तयारी झाली असती. तो बिचारा कुठे बोटीवर जेवत असेल आणि इथे त्याला मारून मोकळे होतील. गायलं तर भीती आणि न गायलं तर खात्री, असा पेच. "बायजा कशाला? मीच गाईन," ती म्हणाली. पंढरीनं सुटकेचा श्वास टाकला आणि तो आवाज तिला आवडला नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी पंढरीनं नावं सांगितली. आजा, पणजा, सासू, सासरा, बाळंतपणात गेलेली जाऊ. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आनि कालूदादा. दादाच्या फुरं कोन नाय, वैनी. ध्यानान ठेव." हे दुसरं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. कोणी नाही म्हटलं की तिथं जागा दिसते. सखुबाईनं मान हलवली आणि ती जागा तिला दिसली, काळुरामच्या पुढे, सारवलेली, रिकामी. ती उठून मागल्या दारी गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. मालन आली, "काकी, बरा नाय का?" म्हणाली. हळदीच्या आधीच पोरीच्या अंगाला हळदीचा वास येत होता. सखुबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला. या पोरीचं लग्न नीट व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि त्याच वेळी ते होऊच नये, मांडव जळावा, वऱ्हाडाची होडी उलटावी असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

दुपारी मांडव भरला. गणपती झाला, गावदेवी झाली, उंबर झाला. गळा उत्तम लागला होता, इतका उत्तम कधी लागला नव्हता, आणि त्यात तिचं काही नव्हतं. ती नुसती बसली होती आणि गाणं चाललं होतं. शेजारी बायजा मांडी घालून झेलत होती, डोळे मिटून, न अडखळता, आपण शिकवलं तसंच. पंढरीची बायको सूप घेऊन समोर बसली. मांडव घातला उंबराचा, सावली परली दारान, यवा यवा पितरांनो, बसा आमचे ओलीन. पणजा आला, आजा आला. एकेक मूठ पडत होती. सासूचं नाव झालं तेव्हा मांडवाच्या मधल्या खांबापाशी बसलेल्या बायका थोड्या सरकल्या. कोणी सांगितलं नव्हतं, गर्दीत नव्या माणसाला जागा करून देतात तशा आपल्याआपण सरकल्या, आणि कोणी बसलं नाही. सासरा झाला, त्या आणखी सरकल्या. एकीनं मांडीवरचं पोर उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. सखुबाई बघत होती आणि गात होती. जाऊ झाली. मग काळुराम. त्याचं नाव घेताना तिला वाटलं होतं रडू येईल, पण आला तो नुसता त्याच्या घामाचा वास, मिठाचा, उन्हाचा, अगदी जवळून. मूठ पडली. संपलं. आता निरोप. तिनं श्वास घेतला, निरोपाचा पहिला शब्द जिभेवर ठेवला आणि ओठ उघडले.

यवा यवा, तिचा गळा म्हणाला.

यवा यवा, बायकांनी झेललं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि मांडवात असं शांत झालं की चुलीवरच्या पाण्याचा आवाज आला. पंढरी अर्धवट उठला होता. सूप धरलेली पंढरीची बायको पापणी न हलवता तिच्या तोंडाकडे बघत होती. एका श्वासापुरता वेळ, गाण्यात असतो तेवढाच. नाव वर येत होतं. पोटातून निघालं, छातीत आलं, त्याला काही घाई नव्हती. दोनच अक्षरं होती त्याची, काळुरामनं ठेवलेली, पाळण्यात ठमाबाईनं कानात सांगितलेली. सखुबाईनं दात आवळले. थांबायचं. एकदा, या एकदाच, थांबायचं. कोणी काही म्हणो. आणि तिनं जीव एकवटून थांबायचा यत्न केला तेव्हा तिला कळलं की ते तिला येत नाही. ती शिकलीच नव्हती. पाय उचलायचा राहिला तर तळ वाया जातो एवढंच तिला येत होतं, आणि ती थांबली असती तरी शेजारी बायजा होतीच, डोळे मिटून, तोंड उघडायला तयार, आणि बायजाही तेवढंच शिकली होती. कडवं कोणीतरी पुरं करणारच होतं. जागा रिकामी राहणार नव्हती. नाव दातांपाशी आलं. आणि तिथं, दातांपाशी, तिनं ते ढकललं, दारातून माणसाला ढकलतात तसं खांदा लावून, आणि त्याच्या जागी दुसरं घातलं, तसंच दोन अक्षरी, त्याच ठेक्याचं.

यवा यवा सखू पितर, बसा आमचे ओलीन.

क्षणभर कोणी झेललं नाही. मग बायजानं झेललं. डोळे उघडून, पांढरीफटक पडून, पण झेललं. सखू पितर, बसा आमचे ओलीन. पंढरीच्या बायकोचा तांदळाचा हात हवेत राहिला होता. सखुबाईनं तिला डोळ्यांनी खुणावलं, टाक. टाक गो. मूठ पडली. सखुबाई निरोप गायली, शेवटपर्यंत, एक अक्षर न गाळता, आणि गप्प झाली. आणि माघापासून पहिल्यांदाच तिच्या आतही सगळं गप्प झालं. तिनं गळ्याला बोटं लावली. काही हलत नव्हतं. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हसू येत होतं. ती पंढरीकडे बघून म्हणाली, "जाला. फुरचा चालू द्या."

पंढरी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होता. कोणी ओरडलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि हळद सुरू झाली. पुढचे धवले बायजानं घेतले. पितर झालेल्या बाईनं गायचं कसं? सखुबाईला हे कोणी सांगायला नको होतं. ती खांबापाशी सरकून बसली, तिथं जागा होती. बायका पाणी घेऊन तिच्यावरून गेल्या, तिनं हात पुढे केला तर तांब्या दुसरीकडे वळला, मुद्दाम नाही, नजर चुकून वळावा तसा. पंढरीची बायको जवळून जाताना थबकली, ओठ हलले, आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली. मालनला हळद लावून फिरवून आणली तेव्हा पोरीनं खांबापाशी वाकून जमिनीवर तांदूळ वाहिले. तिचे डोळे भरलेले होते. काकी म्हणायला तिचं तोंड उघडलं, पण कोणीतरी तिला दंडाला धरून पुढे नेलं. बोलावलेल्याला हाक मारायची नसते. मग सखुबाईला भीती वाटली, अगदी खरी, हात गार पडण्याइतकी. तिला या सगळ्यांमध्ये राहायचं होतं. तिला तंबाखू घ्यायला जायचं होतं, बाजारात घासाघीस करायची होती, आणि उद्यापासून कुठल्याच मांडवातून तिला सांगावा येणार नव्हता. तिचं एवढं कमावलेलं नाव आता दर लग्नाला बायजा घेईल, ओळीत, सर्वांत शेवटी.

जेवणं मांडली. मांडवात ओळीनं पानं पडली, माणसं बसली, आणि सखुबाईचं पान कोणी मांडलं नाही. ती वाट बघत राहिली. मग पंढरीची बायको भात-वरण घेऊन मागल्या दारानं बाहेर गेली, तशी सखुबाई उठून तिच्या मागोमाग गेली. परसात आंब्याखाली पितरांची पानं मांडली होती, बोलावलं होतं त्याच ओळीनं. फांद्यांवर कावळे येऊन बसले होते आणि खाली उतरत नव्हते. वाढून झाल्यावर पंढरीची बायको मागे न बघता आत निघून गेली. सखुबाईनं एका टोकापासून बघायला सुरुवात केली. पणजा. आजा. सासू, सासरा, जाऊ. काळुराम. त्याच्या शेजारी एक पान. ते तिचं. त्याच्या पुढे तिनं पाहिलं. पुढे नुसती माती होती, वाळकी पानं पडलेली. ती पुन्हा पहिल्यापासून बघत आली, एकेक नाव मनात घेत, आणि आज कित्येक महिन्यांनी तिनं मनातल्या मनात गणू असं नाव घेतलं आणि त्याचं पान शोधलं. नव्हतं. वर फांदीवर कावळे गप्प बसून होते. सखुबाई काळुरामच्या शेजारी बसली, पान जवळ ओढलं आणि भात कालवायला लागली. तिला भूक लागली होती.